साडूच्या दाताखालचा आवाज

३० मार्च, रविवार. पाडवा.

आजची तारीख लक्षात ठेवणे. प्रेमराजलाही ठेवावी लागणार आहे.

प्रेमराज म्हणजे माझा साडू, सारिकाच्या धाकट्या बहिणीचा, दिपमालाचा नवरा. धुळ्यात फरसाणचं दुकान. आज सणाला सहकुटुंब आमच्याकडे जळगावला आला होता. सासूबाई आणि सासरे नानाही भडगावहून आलेले. डॉक्टरांनी माझं तेल तोडल्यापासून घरात एअर फ्रायर आहे. म्हटलं, आलेत तर बघू देत. फ्रेंच फ्राइज केले. प्लेट स्वतः फिरवली.

प्रेमराजने एक फ्राय दोन बोटांत उभा धरला. सगळ्यांनी बघावं असा धरला. फ्राय हळूहळू वाकला आणि त्याच्या अंगठ्यावर निजला. प्रेमराज म्हणाला, "साडूभाऊ, ह्यास्नी तं मान टाकी दिधी!"

सगळं घर हसलं. दिपमाला हसली, ठीक आहे, नवराच तिचा. सारिका हसली. नानांना ऐकू कमी येतं, त्यांना पुन्हा सांगण्यात आलं, मग ते हसले. आणि सासूबाई हसल्या. सासूबाई आमच्या लग्नातसुद्धा हसल्या नव्हत्या. अल्बम आहे.

ज्याची हयात तेलात गेली त्याने हवेवर चालणाऱ्या यंत्राबद्दल बोलावं? नववीला उष्णतेचं अभिसरण मी शिकवतो. तो नाही.

ठराव एकच. सूड.

३१ मार्च, सोमवार.

काल रागात लिहिलं, तपशील राहिले.

सूड आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला घ्यायचा. आखाजीला सगळे भडगावला सासऱ्यांच्या घरी जमतात. माहेरवाशिणी झोक्यावर, जावई ओसरीत. त्या दिवशी सगळ्यांच्या देखत माझा फ्राय प्रेमराजच्या दाताखाली जाईल आणि कर्रर्र असा आवाज होईल. आवाज झोक्यापर्यंत ऐकू गेला पाहिजे. मग त्याने आपल्या तोंडाने म्हणायचं, हरलो. याहून कमी चालणार नाही. जास्त चालेल.

आणखी एक मुद्दा आहे. मी मोठा जावई. नानांच्या शेजारचा पाट माझा, आमरसाची पहिली वाटी माझी. गेल्या आखाजीला पहिली वाटी प्रेमराजपुढे गेली. सासूबाई म्हणाल्या, चुकून गेली. मी मोठ्या मनाने काही बोललो नाही. पण पाडव्याला जे झालं त्यानंतर यंदाही वाटी तिकडे गेली तर ती चूक राहणार नाही, रीत होईल. मग मरेपर्यंत मी दुसऱ्या वाटीचा जावई.

हे होऊ देणार नाही.

२ एप्रिल.

पहिला प्रयोग. दोन किलो बटाटे. बास्केट काठोकाठ.

निकाल: मऊ. मध्यभागी तर जवळजवळ भाजी.

सारिका म्हणाली, अहो, थोडे थोडे टाका, आत हवा फिरायला जागा हवी ना. मी तिला समजावलं की हवा ही कुठूनही जाते, तो हवेचा गुणधर्म आहे. थोडे थोडे टाकायला मी काय चिमण्यांना दाणे घालतोय? भडगावला पंगत असते.

दोष बटाट्याचा. उद्या बटाटा बदलणे.

३ एप्रिल.

बटाटा बदलला. तोच निकाल.

४ एप्रिल. शाळेतून आल्यावर.

दोष यंत्राचा. यंत्र घेऊन प्रकाशचंद शेठच्या दुकानात गेलो. शेठकडूनच घेतलं होतं. शेठने शांतपणे प्लग लावला, हात धरून बघितला, म्हणाला, "सर, हवा गरम येतेय. यापेक्षा जास्त यंत्र काय करणार?" मग विचारलं, बरोबर पुस्तक होतं ते वाचलं का. मी म्हटलं, शेठ, अशी पुस्तकं मी लिहू शकतो. शेठने नमस्कार केला. तो नमस्कार मला आवडला नाही. शेठचं नाव प्रेमराजच्या खाली लिहून ठेवत आहे.

६ एप्रिल, रामनवमी.

आज युद्ध जाहीर केलं. सासरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज टाकला: "आखाजीला बिनतेलाचे कुरकुरीत फ्रेंच फ्राइज माझ्याकडून. प्रेमराजभाऊंनी कढई धुळ्यातच ठेवावी."

मजकूर तीनदा तपासला. धारदार आहे.

दुपारी प्रेमराजचं उत्तर आलं. नुसता अंगठा. शब्द नाही, काही नाही. अंगठा! ज्या अंगठ्यावर माझा फ्राय निजला तोच.

संध्याकाळभर पेपर तपासले. विद्यार्थ्यांचे मार्क आज जरा कमी पडले असावेत.

९ एप्रिल.

व्हिडिओ बघून केलं. कापून थंड पाण्यात ठेवले, मग पुसले, मग थोडं तेल चोळलं (डॉक्टर वाचत नाहीत). पुसण्याच्या बाबतीत व्हिडिओतली बाई फार आग्रही होती. मी पंच्याने पुसले. पंचा वापरातला होता, हे सारिकाने नंतर सांगितलं.

निकाल: बाहेरून काळे, आतून कच्चे. सारिकाने पुन्हा तेच सांगितलं, बास्केट अर्धीच भरा. या बाईला माझा सूड अर्धाच हवा आहे.

घरात रोज बटाटे. दूधवाल्यालाही दिले. हल्ली तो दूध बाहेरच ठेवून जातो.

१३ एप्रिल, रविवार.

धुळ्याला गुप्त पाहणी. शत्रूची तयारी बघून येणे आवश्यक होतं. सारिकाला सांगितलं, पारोळ्याला एका शिक्षकाकडे जातोय. एसटीत घाम. डोक्याला रुमाल बांधला, गॉगल लावला. दुकानासमोरच्या झाडाखाली उभा राहिलो. शेव पडत होती, वास इकडे येत होता. डॉक्टरांच्या चेहऱ्याची आठवण काढत उभा राहिलो.

एवढ्यात प्रेमराज दुकानातून ओरडला, "साडूभाऊ! उन्हात काब्र उभा शेतस? आत या!"

रुमालातून कसं ओळखलं, कळत नाही.

आत नेलं. पंखा माझ्याकडे वळवला. स्वतः उभा राहून कचोरी खाऊ घातली, वर मठ्ठा. मी काही विचारलं नाही, त्यानेही काही विचारलं नाही. फ्राइजचं नाव काढलं नाही. एवढा गप्प माणूस नक्कीच काहीतरी शिजवत असतो. निघताना एक किलो शेव बांधून दिली आणि पैसे घेतले नाहीत. लाच. शेव पुरावा म्हणून जपून ठेवणार होतो. पारोळ्याच्या पुढे थोडी चाखून बघितली. जळगाव आलं तेव्हा पिशवी हलकी होती.

१८ एप्रिल.

सापडलं!!

शेजारच्या कुंदाबाईंच्या गच्चीवर आज वाळवण होतं. पापड, कुरडया, बटाट्याचे वेफर्स. साडी अंथरून, चार कोपऱ्यांना विटा ठेवून. मी गच्चीच्या कठड्यावर हात ठेवला तर भाजला. आणि तिथेच डोक्यात प्रकाश पडला. व्हिडिओतली बाई म्हणते, बटाटा कोरडा करा. परदेशातली बाई ती, तिला टिश्यू पेपर लागतो. जळगावच्या माणसाला कशाला लागेल? आमच्या गच्चीवर चव्वेचाळीस डिग्री फुकट आहे.

खानदेशी ऊन + परदेशी यंत्र. एवढी साधी गोष्ट आजवर कुणाला सुचली नाही. प्रेमराजला तर जन्मात सुचणार नाही. त्याचं दुकान सावलीत आहे.

सारिकाला काही सांगितलं नाही. फक्त म्हटलं, वेफर्ससाठी तुम्ही बटाट्याला काय काय करता? ती म्हणाली, तुरटीच्या पाण्यात उकळायचे, अर्धे शिजवायचे. केलं. तिची एक जुनी साडी घेतली (जुनी असावी). बोटाएवढे काप गच्चीवर मांडले. वीस मिनिटं पुरे. तोवर जरा आडवा होतो.

१८ एप्रिल. दिवेलागण.

पडल्या पडल्या डोळा लागला. उठलो तेव्हा ऊन कलायला आलं होतं. गच्चीवर गेलो. फ्राइज नव्हते. काड्या होत्या. पिवळ्या, वाकड्या, साडीवर सुट्ट्या. हातात घेतल्या तर खुळखुळल्या.

खचलो नाही. हा तर आणखी कोरडेपणा. सगळ्या यंत्रात घातल्या, तापमान शेवटपर्यंत फिरवलं. बाहेर काढून पहिली तोंडात टाकली आणि दाढेखाली घेतली.

कर्रर्र.

घरभर ऐकू गेला. सारिका आतून धावत आली.

बटाट्याचा नव्हता. दाढेचा होता.

१९ एप्रिल.

दातांचा डॉक्टर. त्याने विचारलं, काय चावलं? मी म्हटलं, शेंगदाणा.

डाव्या बाजूने खाणे बंद. या दाढेचाही हिशोब प्रेमराजच्या नावावर.

राहिलेल्या काड्या फेकून द्यायला निघालो तर सारिकाने पिशवी हातातून घेतली. म्हणाली, उकडून वाळवलेला बटाटा कुणी फेकतं का, वेड लागलं का तुम्हाला? स्टीलच्या डब्यात भरून ठेवल्या. या घरात अपयशसुद्धा डब्यात भरून ठेवतात.

२३ एप्रिल.

पद्धतीत बदल. वीस मिनिटंच वाळवले, या वेळी गच्चीवर उभा राहून. डोक्यावर ओला टॉवेल. कुंदाबाई खिडकीतून बघत होत्या, मी बटाट्यांवर लक्ष ठेवलं.

निकाल: एक फ्राय कुरकुरीत!! बाकीचे मऊ, पण एक! काठावरचा होता, बाजूला जागा होती. कारण कळलं नाही, नशीब असावं. सारिका काहीतरी बोलायला तोंड उघडत होती, मी हात वर करून थांबवलं. विजयाच्या क्षणी सूचना नकोत.

तो खाल्ला नाही. पुरावा म्हणून वाटीत झाकून ठेवला.

२४ एप्रिल.

सकाळी वाटी उघडली. त्याने मान टाकली होती.

२६ एप्रिल.

सासूबाईंचा सारिकाला फोन. स्पीकरवर होता. म्हणाल्या, "जावईबापूंले सांग, काही आनू नका. फक्त जेवाले या."

याचा अर्थ उघड आहे. धुळ्याहून दबाव आलेला आहे. शत्रू घाबरला.

सारिका म्हणाली, खरंच नका नेऊ हो ते यंत्र, सणाचा दिवस आहे, पुरणपोळी असते, रस असतो, तुमच्या फ्राइजकडे कोण बघणार? तेच तर बघायला लावायचं आहे, मी म्हटलं. मग ती हळू आवाजात म्हणाली, एक वाटी पहिली आली काय नि दुसरी आली काय.

म्हणजे तिलाही माहीत होतं. मी कधी बोललो नव्हतो. मग मी बटाटे आणायला गेलो.

२९ एप्रिल.

पॅकिंग. एअर फ्रायर (गोधडीत गुंडाळून), तीन किलो बटाटे, मीठ, लाल तिखट, एक्स्टेन्शन बोर्ड. सारिकाने आपल्या पिशवीत त्या काड्यांचा डबाही टाकला, आईला दाखवते म्हणाली. दाखव. उद्या बघायला दुसरंही खूप असेल.

उद्या रात्री इथे एकच शब्द लिहीन.

३० एप्रिल, बुधवार. आखाजी. भडगाव.

एक शब्द पुरणार नाही.

घर भरलेलं. अंगणात कडुनिंबाला झोका, पोरीबाळी गाणी म्हणत होत्या. मागच्या पडवीत चुलीवर खापर, खापरावर पुरणपोळ्या. स्वयंपाकघर रिकामं होतं. मी सगळ्यांना जाहीर सांगितलं की पंगत बसेपर्यंत कुणी आत यायचं नाही, कृती गुप्त आहे. दार लावून घेतलं. ओसरीतून प्रेमराजचा आवाज आला, "साडूभाऊ, वाट देखी राह्यनूत!" बघ, बघ, मनात म्हटलं.

बास्केट भरली. काठोकाठ, कारण माणसं तेवढी. ओसरीत कूलर चालू, शेजारच्या खोलीत रसाचा मिक्सर चालू. मी बटण दाबलं.

फट्.

कूलर थांबला. मिक्सर थांबला. झोक्यावरचं गाणंही थांबलं, ते का थांबलं कळत नाही. नाना ओरडले, "लाईट गई का रे?" कुणीतरी म्हणालं, गावात आहे, आपल्याच घरातली गेली. बेचाळीस डिग्रीत बारा माणसं घामाने निथळत बाहेर बसलेली, आणि त्यांच्यात आणि माझ्यात एक दार. आत मी, माझे कच्चे बटाटे आणि बंद यंत्र.

मला त्या वेळी काय वाटलं ते लिहीत नाही. वाटीचंच वाटलं.

मागचं दार वाजलं. प्रेमराज. हातात फ्यूजची तार. त्याने बास्केटमध्ये बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी तयार होतो. आता हसेल, मग सगळ्यांना बोलावेल. मी असतो तर तेच केलं असतं.

तो हसला नाही. त्याने ओट्यावर पाहिलं. सारिकाने ठेवलेला तो काड्यांचा डबा होता. उघडला, एक काडी मोडून बघितली. म्हणाला, "हाई तं भारी शे. कोनी वाळाडं?" मी म्हटलं, मी. मग त्याने दार लावलं आणि हळूच म्हणाला, "तेल कोठे शे?"

कुरडया तळायची कढई गॅसवरच होती. त्याने मूठभर काड्या सोडल्या. पाण्यात पडल्यासारखं काहीतरी झालं आणि त्या फुलून वर आल्या. दुसरी मूठ. तिसरी. वर मीठ-तिखट माझंच. कागदावर टिपल्या. माझे कच्चे बटाटे पिशवीत ओतले आणि तळलेल्या काड्या फ्रायरच्या बास्केटमध्ये भरल्या. बास्केट यंत्रात बसवली. कढई पुन्हा झाकली. मग मला म्हणाला, "मी फ्यूज लावस. तुम्ही मंग धा मिनिटमा बाहेर या," आणि मागच्या दाराने गेला.

लाईट आली. कूलर सुरू झाला. दहा मिनिटांनी मी बास्केट हातात घेऊन बाहेर आलो. का आलो, माहीत नाही. पाय चालत होते.

सगळे पाटांवर बसले होते. प्रेमराज पुढे झाला. एक काडी उचलली, उभी धरली. अगदी पाडव्यासारखी. वाकली नाही. मग दाताखाली घेतली.

कर्रर्र.

झोक्यापर्यंत गेला. पोरी वळून बघायला लागल्या.

प्रेमराजने दोन्ही हात वर केले आणि मोठ्याने म्हणाला, "हारनू, साडूभाऊ! बिनतेलनं हाई आपल्याकडथीन व्हवाव नई!"

मग बास्केटवर नुसती झुंबड. सासूबाईंनी खाल्ली. सासूबाई हसल्या, या वेळी माझ्याकडे बघून. नाना म्हणाले, "मोठा जवाई तो मोठाच शे," आणि आपल्या हाताने आमरसाची पहिली वाटी माझ्यापुढे सरकवली. मीही एक काडी खाल्ली, उजव्या बाजूने. फार सुंदर होती. तेल असल्याचं मला माहीत नाही असं धरून आणखी खाल्ल्या.

जे जे ठरवलं होतं ते सगळं झालं. आवाज, हरलो, पहिली वाटी. एकही गोष्ट राहिली नाही.

रस आंबट होता.

१ मे.

झोप नाही.

हा माणूस इतक्या खालच्या थराला जाईल असं वाटलं नव्हतं. उपकार केले! दार बंद करून, साक्षीदार न ठेवता. अपमान केला असता तर उलटवता आला असता. याचं मी काय करू? कुणाला सांगू? सांगितलं तर वाटी जाते.

सारिका म्हणाली, बोटांना तेलाचा वास होता तुमच्या काल. मी म्हटलं, कुरडया. ती म्हणाली, हो का, आणि कपडे वाळत घालायला गेली.

३ मे.

नवा ठराव. या उपकाराचा सूड घेणे. पद्धत ठरायची आहे.

५ मे.

सासूबाईंचा फोन. या वेळी थेट मला, पहिल्यांदाच. पुढच्या महिन्यात नानांची पंच्याहत्तरी. अख्खी भावकी येणार. म्हणाल्या, जावईबापू, तुमचे ते मशिनचे चिप्स पाहिजेत, नानांनी गावभर सांगून ठेवलंय, बठ्ठा गाव इचारी राह्यना.

मी हो म्हणालो. मोठा जावई आहे.

११ मे.

आठवडाभर यंत्रात काड्या घालून बघितल्या. वाळलेल्या, कमी वाळलेल्या, तेल चोळून, न चोळता, शेवटी सारिकाच्या सांगण्यावरून अर्धी बास्केटसुद्धा. कच्चे बटाटे अर्ध्या बास्केटमध्ये बरे होतात, हे इथे नोंदवतो, तिला सांगणार नाही. पण ते दोन माणसांपुरते. भावकीला नाही. आणि काड्यांचा तो आवाज यंत्रातून येत नाही.

आज सकाळी गच्चीवर गेलो तर सारिकाने साडी अंथरलेली होती. दहा किलो बटाट्याचे काप मांडत होती. मी कोपऱ्यांवर विटा ठेवल्या.

मग खाली येऊन प्रेमराजला फोन लावला. काय बोलायचं ते मनात तयार केलं होतं. हवामान, दुकान, मग हळूच विषय. त्याने पहिल्याच रिंगला उचलला.

म्हणाला, "बोला साडूभाऊ, कढई कितली मोठी आनू?"

मोठीच आणा, म्हटलं.